रस्ता माझा, नाव विलासरावांचं

विलासराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी महापालिकेच्या विभागीय कार्यालयात बाकावर बसलो होतो. आमच्या कॉलनीच्या रस्त्यासाठीच. बायको म्हणाली, "घरी या. ताईचे मालक गेले..." मी उठलो आणि पहिला विचार आला तो असा, की आजही हा माणूस माझ्या पुढेच निघाला. अशा वेळी असलं मनात येऊ नये, हे मला कळतं. पण आलं. ते लपवून गोड गोड लिहिणं मला जमणार नाही.

विलासराव माझे साडू. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे सासरवाडीचे थोरले जावई. पहिलं ताट त्यांचं, पहिली टॉवेल-टोपी त्यांना. मी सटाण्याकडच्या खेड्यातला, आमच्या घराण्यात कॉलेज पूर्ण केलेला पहिला माणूस, बँकेत अधिकारी झालो. ते विंचूरचे, बारावी सोडून ट्रॅक्टरच्या पार्ट्सचं दुकान टाकलेले. तरी सासरे जेवताना गप्पा त्यांच्याशी मारायचे आणि मला नुसतं "भात घ्या" म्हणायचे. माझ्या अहिराणीची नक्कल करत विलासराव हाक मारायचे, "काय शे, पदवीधर?" सगळे हसायचे. मीही हसायचो... दुसरं काय करणार?

आडगावच्या पुढे एका ले-आउटमध्ये आम्ही शेजारी शेजारी घरं बांधली. रस्ता बिल्डरने करून द्यायचा होता. त्याने खडी पसरली, शेवटचा प्लॉट विकला आणि फोन उचलणं बंद केलं. महापालिका म्हणे, रस्ता आमच्याकडे हस्तांतरित झालेला नाही, खासगी जागेवर आम्ही खर्च कसा करणार? मी म्हणायचो, घरपट्टी घेताना आम्ही शहरात आणि रस्ता मागताना खासगी, हा कुठला न्याय? मंजूर नकाशा मिळवला, नियम वाचले, अर्जावर अर्ज केले. मागणी एकच, हा रस्ता महापालिकेने ताब्यात घ्यावा. चिखलाच्या दिवसांत विलासराव पिकअप घेऊन हायवेला थांबायचे आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना दारापर्यंत सोडायचे. लोकांना पिकअप दिसायची. अर्ज कुणाला दिसतो?

मग त्या गेटचं प्रकरण झालं. बाहेरचे डंपर आमच्या रस्त्याने घुसू लागले, तेव्हा विलासरावांनी पाडव्याच्या मुहूर्तावर तोंडाशी लोखंडी गेट बसवलं. झेंडूचं तोरण, नारळ, पेढे. वर ठळक अक्षरांत बोर्ड: 'खासगी रस्ता. परवानगीशिवाय प्रवेश बंद.' आपल्या मालकीचं काही असल्याची हौस आम्हा गावाकडून आलेल्यांना फार. कॉलनीने टाळ्या वाजवल्या. त्याच आठवड्यात, माझ्या कितीतरी खेट्यांनंतर, महापालिकेचे इंजिनिअर पाहणीला आले. त्यांनी बोर्ड वाचला, मोबाइलमध्ये फोटो काढला आणि मला म्हणाले, "साहेब, खासगी आहे हे तुम्हीच लिहिलंय. मग आमचं काय काम?"

माझी फाइल बंद झाली. मी मीटिंगमध्ये ओरडलो. विलासराव उठले, हात जोडले. "चुकलं बुवा. बोर्ड माझा, अक्कल बी माझीच. पदवीधराला विचारायचं राहिलं." सगळे हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः कटर लावून गेट कापलं. बायकांनी त्यांना चहा नेऊन दिला, वर म्हणाल्या, केवढं मोठं मन! मला पुन्हा पहिल्या अर्जापासून सुरुवात करायची होती. माझ्याकडे चहा आला नाही.

ते गेले त्या दिवशी शववाहिनीचा ड्रायव्हर म्हणाला, "आत गाडी नाय घालत, खडीत फसंल." म्हणून त्यांना हायवेपर्यंत खांद्यावरून न्यावं लागलं. आणि खांदा द्यायला अशी झुंबड उडाली की माझी पाळी मध्येच काढून घेतली कुणीतरी. अनवाणी पायांना खडी टोचत होती आणि मी मागून चालत माणसं बघत होतो. माझ्या वेळी यातले किती येतील?

त्यांचं तेरावं झालं आणि महापालिकेने रस्ता ताब्यात घेतला. मागच्या आठवड्यात डांबर पडलं. लगेच कॉलनीची मंडळी माझ्या घरी आली. रस्त्याला विलासरावांचं नाव द्यायचं, आणि अर्ज मी लिहायचा. "तुमच्यासारखं कुणाला जमतंय?" म्हणे. इतक्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं, तेही त्यांच्या नावासाठी. गंमत अशी की रस्ता महापालिकेचा झाला म्हणूनच त्याला नाव देता येतं, आणि तो झाला माझ्यामुळे. हे वाक्य अर्जात घातलं, मग खोडलं. 'विलासरावांनी कॉलनीसाठी केलेली सेवा' असं लिहिलं आणि खाली सही केली.

संध्याकाळी ते घरासमोर रस्त्यातच प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचे. ताई अजूनही ती बाहेर आणून ठेवते. परवा म्हणाली, "बसा ना, रिकामी बघवत नाही." मी बसलो. नव्या डांबरावरून मोटारसायकली सुळसुळ येत होत्या. जो तो लांबूनच सवयीने हात वर करायचा... जवळ आल्यावर मला बघून खाली घ्यायचा.

तरी मी उठलो नाही. अंधार पडेपर्यंत बसलो, आणि त्यांच्या वतीने प्रत्येकाला हात केला.