पहिल्या उपदेशाचा रविवार

लातूरचे एक सर आमच्या बिलोलीकडच्या खेड्यातल्या चर्चमध्ये येतात, पाळकांना अन् संडेस्कूलच्या बायांना शिकवायला. काहीही विचारा, "हाव, पण तुम्हाला काय वाटतं?" असं उलट विचारणार. मला लई राग यायचा.

परवा आमच्या नव्या पाळकाचा पहिला उपदेश होता. बिचारा एक वाक्य बोलायचा अन् सरांकडं बघायचा. मग आम्हीही सरांकडंच बघून राहिलो.

"ह्याच्याच्यानं न्हाई होत. सरांनाच उभं करा," बाया कुजबुजल्या.

सर उठले, माझ्या सुनेजवळचं किरकिरणारं लेकरू घेतलं अन् बाहेर लिंबाखाली गेले. पाळकाला आता आमच्याकडंच बघावं लागलं. अडखळत का होईना, उपदेश पुरा झाला.

बाहेर येऊन मी विचारलं, "सर, कसा झाला?"

"मला कुठं ऐकू आलं, मावशी? लेकरू रडून राहिलं होतं."

लेकरू तर त्यांच्या खांद्यावर गाढ झोपलं होतं.