मलबार हिलवरची मागची खोली

अक्का गेल्याची तार पाचोऱ्याला आली, तेव्हा मी तिच्यासाठीच कळण्याचं, ज्वारी-उडदाचं पीठ डब्यात भरत होते. अक्का माझी थोरली बहीण. पोटात दुखतं असं तिनं कळवलं होतं, पण इतक्या सहज, की मला औषधाआधी पीठ सुचलं... महिना होत आला, अजून मन थाऱ्यावर नाही.

धुळ्याच्या कापसाच्या व्यापारात दाजींना बरकत आली आणि त्यांनी मलबार हिलवर भाड्यानं जागा घेतली. जुनी भारदस्त इमारत, सागवानी जिना, समुद्राकडे उघडणारी गॅलरी. शेजारी पारशी बॅरिस्टर, वर गुजराथी गिरणीमालक. खालच्या रस्त्यानं लाटसाहेबाची मोटर जायची. दाजी तिथं पुरते रुळले. टोपी बदलली, कपबशा बदलल्या, घरात अहिराणी बोलायची बंदी झाली. अक्का मात्र शेतातून नुकतीच आल्यासारखी पदर खोचून वावरायची. दाजींनी मोठ्या हौसेनं तिला गॅलरीतून समुद्र दाखवला, तर म्हणाली, "इतलं पानी, आन एक वावर भिजत नही!"

पहिल्यांदा आली ती पिंपळनेरची आमची मावशी, मुलाला मोठ्या इस्पितळात दाखवायला. मागच्या खोलीत उतरली. मुलगा बरा झाला आणि मावशी गावभर सांगत सुटली. मग काय, खान्देशात ज्याला त्याला अक्काचा पत्ता तोंडपाठ! मीही कमी नव्हते. ओळखीपाळखीतला जो आजारी पडेल त्याला तिच्याकडे धाडायची. एकदा कोणा बाईनं धुतलेली लुगडी थेट समुद्राकडच्या गॅलरीत वाळत घातली आणि शेजारी चहाला जमलेल्या साहेबलोकांच्या डोळ्यांदेखत ती फडफडली. मी तेव्हा तिथंच होते. संध्याकाळी घरमालकाचा माणूस येऊन, हे असंच चालायचं असेल तर जागा सोडा, असं बजावून गेला. दाजी लालबुंद झाले. "चार लोकांत मान खाली घालायला लावलीस. ही धर्मशाळा आजपासून बंद!"

अक्का भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "ज्या दिन या घरमाईन आजारी मानूस माघारे फिरी, त्या दिन मी बी त्यानासंगे जासू."

घरमालकाची समजूत मात्र शेवटी दाजींनीच काढली. लुगडी मागच्या अंगाला वाळू लागली आणि खोली राहिली.

लढाईच्या दिवसांत बॉम्बच्या भीतीनं अर्धी टेकडी रिकामी झाली, पुढं रेशन आलं, तरी ती खोली कधी ओस पडली नाही. माणसं आपली ज्वारी गाठोड्यात बांधून यायची. अक्काचं दुखणं त्यातच वाढलं असणार. रोज कोणा ना कोणाला इस्पितळात पोचवणारी ही बाई स्वतःला दाखवायला कधी गेली नाही. खाट आजाऱ्याला, आणि ही स्वयंपाकघरात सतरंजीवर. मला याचा आजही राग येतो. इतकं कशाला चांगलं वागायचं माणसानं? आम्हांला हवी नव्हती का ती?

मी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. दाजी भिंतीला टेकून बसलेले असत. दिवसकार्य झाल्यावर एवढंच म्हणाले, "ती खोली आता बंद करतो. माझ्याच्यानं नाही व्हायचं." खरं तर ते ऐकून मला रडू फुटलं, पण त्यांना काय म्हणणार? घर त्यांचं, आणि माणूसही त्यांचंच गेलेलं.

माझी निघायची बांधाबांध चालली होती आणि बेल वाजली. दार दाजींनीच उघडलं. साक्रीकडचा एक म्हातारा, डोळ्याला पट्टी, आणि त्याचा हात धरून उभी असलेली सून. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. म्हाताऱ्यानं चाचपडत हात जोडले, अक्का घरात आहे का विचारलं.

"भाऊ, अक्कानं घर हाईच ना? शे का अक्का घरमा?"

दाजींचा हात दारावरच होता. मला वाटलं, आता हे सांगणार आणि दार लोटणार... सुनेनं म्हाताऱ्याचा हात घट्ट धरला. मग दाजींनी दार सताड उघडलं. मलबार हिलवर राहायला आल्यापासून जी बोली मी दाजींच्या तोंडून एकदाही ऐकली नव्हती, तिच्यात ते हळूच बोलले.

"शे. मझार या."