बाबागाडीतले पाय

नोकरीत खुनाची प्रकरणं पुष्कळ पाहिली, पण ज्यात मेलं कुणीच नव्हतं, तेच मला सगळ्यांत जास्त आठवतं. तेव्हा गुडगावात मोहरीच्या शेतांवर इमारती उभ्या राहत होत्या. परदेशी कंपन्या आल्या होत्या, गेटवर चौकीदार आले होते, पण शेजारी कोण राहतं हे कुणालाच ठाऊक नसायचं. मी मूळचा अमरावतीचा, हरियाणा केडरमध्ये नवाच पोलीस अधिकारी होतो.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी एका सोसायटीच्या चौकीदाराचा ठाण्यात फोन आला. तिसऱ्या मजल्यावरचे म्हातारे बाबागाडीत प्रेत घालून लिफ्टमध्ये शिरले, बुटांसकट पाय बाहेर लोंबत होते. त्यांची बहीण बरेच दिवस कुणाला दिसली नव्हती, आणि प्रेताच्या अंगात तिचाच कोट होता. डायरीत नोंद करून मी हवालदाराला घेऊन निघालो.

दार म्हाताऱ्यांनीच उघडलं. पाटीवर मराठी आडनाव पाहून मी मराठीत बोललो, तर ते खूशच झाले. "अच्छा, आपलेच आहात! या, चहा घ्या." संशयित पोलिसांना चहा विचारतो तेव्हा तो एकतर निर्ढावलेला असतो, नाहीतर निर्दोष. मी तूर्तास पहिलं धरून चाललो.

हवालदाराने दिवाणखान्यातल्या बाबागाडीवरची चादर ओढली. आत पेंढा भरलेला पुतळा होता. उशीच्या अभ्र्याचं डोकं, कोळशाच्या मिशा, वर हॅट.

"साहब, ये तो रावण का छोटा भाई निकला!" हवालदार म्हणाला.

मला हसू आलं नाही. पुतळा सापडला म्हणजे बहीण सापडली असं होत नाही. "ताई कुठे आहेत?"

"आतच आहे. पण ती बोलत नाही हो आता." म्हातारे मटकन खुर्चीत बसले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. वडील इंग्लंडमध्ये डॉक्टर होते, म्हणून या भावंडांचं बालपण तिथल्या एका लहानशा गावात गेलं. एक नदी, एक गिरणी, एक बेकरी. बेकरीवाली बाई उरलेले बन द्यायची. धुक्यात चुकामूक होऊ नये म्हणून ताई या भावाच्या कोटाची बाही धरून चालायची. नोव्हेंबरात तिथली मुलं असा पुतळा करून गाडीतून फिरवायची, येणाऱ्याजाणाऱ्याकडे त्याच्यासाठी पेनी मागायची आणि शेवटी तो शेकोटीत जाळायची. "मी लाजायचो. हात ताईच पसरायची, बिल्कुल बेधडक!"

आजारपणानंतर ताई भावालाही ओळखेनाशा झाल्या होत्या. फोटो दाखवून झाले होते. हा पुतळा म्हणजे म्हाताऱ्यांचा शेवटचा उपाय होता.

"ते गाव पाहिलेले आता आम्ही दोघंच उरलोय," ते म्हणाले. "ती विसरली, तर ते खरंच होतं का, हे मी कुणाला विचारू?"

साक्षीदारांना वेगवेगळं विचारायचं, ही आमची रीत. मी त्यांना बाहेरच थांबवलं आणि गाडी स्वतः ढकलत आतल्या खोलीत नेली. ताई शाल पांघरून खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी पुतळ्याकडे बराच वेळ पाहिलं. हॅट वाकडी झाली होती, ती सरळ केली. मग माझ्याकडे वळून सराईतपणे हात पुढे केला.

मी एक शब्दही बोललो नव्हतो. खिशातलं नाणं त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी मूठ मिटली आणि दाराकडे पाहून हाक मारली, "बाळू, ये ना इकडे! साहेबांनी पैसे दिले बघ. लाजतोस काय?"

बाळू दारातच उभे राहून रडत होते.

तक्रारीत तथ्य नाही, अशी नोंद करून मी प्रकरण बंद केलं. संध्याकाळी मागच्या रिकाम्या प्लॉटवर पुतळा जाळला, काडी हवालदाराने लावली. ताई बाल्कनीतून टाळ्या वाजवत होत्या.

गुन्ह्याला साक्षीदार लागतो, हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं. सुखालाही लागतो, हे त्या घरात कळलं. आता निवृत्तीनंतर मी दर रविवारी अमरावतीला धाकट्या बहिणीला फोन करतो.

"आज काय काम काढलंस, दादा?" ती विचारते.

"काही नाही गं," मी म्हणतो, "तुझा जबाब घ्यायचाय. आपल्या अंगणातला पेरू आतून गुलाबी होता ना?"