दाब, सोड

थोरला गाडीखाली आणि धाकटा गाडीत. दोघा भावांचं अख्खं आयुष्य असंच गेलं. जुनी गाडी घ्यायची म्हटलं की गिऱ्हाईक आधी ती ह्यांच्या गॅरेजात आणायचं, ऐकवायला. थोरला खाली सरकायचा, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक लोखंडाला आणि मूठ कानाला लावायचा, डोळे मिटायचा आणि ओरडायचा, "दाब!" वर बसलेला धाकटा क्लच दाबायचा. "सोड!" म्हटलं की सोडायचा. दाबल्यावर कुईकुई आली तर क्लचचं बेअरिंग गेलं. सोडल्यावर घरघर आली तर दुखणं गिअरबॉक्समध्ये. दाबा नाहीतर सोडा, टकटक आपली तशीच, तर मग इंजिन उघडा आणि देवाचं नाव घ्या.

बाजूचा पंक्चरवाला म्हणायचा, "दोघांत मिळून एक मेकॅनिक. एकाला कान दिले, एकाला पाय. डोकं कुणाला दिलं?"

"डोकं बायकोकडे ठेवून येतो मी, इथे हरवतं," धाकटा म्हणायचा. असा होता तो. हसतमुख. गिऱ्हाईक भांडायला यायचं आणि चहा पिऊन जायचं.

तर एका दुपारी असंच काम चाललेलं. "दाब!" दाबला. "सोड!" आवाज काही बदलला नाही. "अरे सोड म्हटलं ना!" तरी तसाच. "झोपलास का गाढवा? कामाच्या वेळी तरी जागा राहत जा!" अजून दोन शिव्या हासडल्या आणि तणतणत बाहेर आला. धाकटा स्टिअरिंगवर डोकं टेकून. अंगाचा सगळा भार पायावर आलेला, क्लच दाबलेलाच. इंजिन चालू होतं आणि तो नव्हता. थोरल्याने स्वतःच्या हाताने तो पाय उचलून बाजूला केला.

त्यानंतर त्याने कुणाला म्हणून गाडीत बसवलं नाही. लाकडाचा एक दांडका कापून घेतला. सीट आणि पेडलच्या मध्ये अडकवला की क्लच दाबलेला, काढला की सुटलेला. मधे उठून जायला लागायचं, गुडघे दुखायचे, पण लाकडाला शिवी दिली तरी लाकूड मरत नाही.

आता आईचं. म्हातारीच्या किडन्या गेलेल्या. एक दिवसाआड डायलिसिसला न्यावं लागतं, म्हणून धाकट्याने एक जुनी गाडी घेतली होती. तो गेल्यावर त्याची बायको चालवायला लागली. चांगली चालवते. एक दिवस तीच गॅरेजात आली आणि किल्ली टेबलावर ठेवली.

"दादा, गाडीत आवाज येतो."

"कसला?"

"शीळ घातल्यासारखा. बारीक. सरळ रस्त्याला लागलो, गप्पा सुरू झाल्या की येतो. गर्दी लागली की जातो. आई म्हणतात, तो आलाय."

"आईला काय, काहीही ऐकू येतं."

"अहो मलापण येतो ना! आणि आई मागे बसून बोलतात त्याच्याशी. जेवलास का, विचारतात. मला आरशात बघायची हिंमत होत नाही. एक दिवस ठोकीन मी कुठेतरी, आईंना घेऊन. विकून टाका गाडी."

विकायचं नाव काढलं तर आई भिंतीकडे तोंड करून बसली. "विका. मग मीपण जात नाही सुया टोचून घ्यायला. कशाला जाऊ? तो भेटतो म्हणून जाते."

डायलिसिस बंद केलं तर काय होतं, ते डॉक्टरने सगळ्यांना सांगून ठेवलेलं. म्हणजे झालं काय, आवाज राहिला तर दोघी जातील, नाही राहिला तर आई.

थोरल्याने दांडका लावला. गप्प. काढला. गप्प. स्वतः चालवून आला, लांब, खड्ड्यातून, चढावरून. गाडी मुकी. परत दिली की हिला आवाज यायचा, परत आणली की मुकी.

आई शांतपणे म्हणाली, "तू शिवी दिलीस ना त्याला. तुझ्यासमोर नाही बोलायचा तो."

थोरला जेवता जेवता उठला.

तेव्हापासून तोही घाबरायला लागला. इंजिन बंद असलं तरी कान टवकारायचा. रिकाम्या गाडीच्या पुढून जायचा नाही, मागून जायचा. शेवटी पंक्चरवालाच वैतागला. "अरे मेल्या, लाकूड म्हणजे काय माणूस आहे का? तिला ऐकू येतो ना? मग तिलाच बसव की."

बसवलं. खाली गेला, मूठ कानाला लावली, काढली, पुसली, परत लावली. वरून ती म्हणाली, "दादा, काय करू?"

"दाब," म्हणाला कसाबसा. गप्प. "सोड." गप्प.

संपलं असं वाटून ती बोलायला लागली, की आज आईंना लवकर न्यायचंय, तिथली नर्स बदललीये, आणि मधेच शीळ सुरू झाली. बारीक, एकसारखी. थोरल्याने स्क्रूड्रायव्हर आणखी दाबून धरला.

"काय करतेयस तू?"

"काही नाही! बसलेय."

"पाय कुठाय तुझा?"

"क्लचवर. दाबला नाहीये, नुसता टेकवलाय."

"कुणी शिकवलं हे?"

"ह्यांनीच. म्हणाले, पाय तयार ठेवायचा."

धाकट्याची खोड ती. किती वेळा सांगितलं असेल त्याला, अरे पाय काढ, बेअरिंग खातोयस. त्याचाच पाय हिच्या पायात उतरला होता. लाकूड एकतर दाबतं नाहीतर सुटतं. टेकून बसायचं लाकडाला काय माहीत. पूर्ण दाबलं की हे बेअरिंग घट्ट धरतं आणि गप्प, नुसतं टेकलं की घसटतं आणि शीळ घालतं.

बेअरिंग गेलेलं, दुखणं कळलं. तरी तो बाहेर आला नाही. "टेकवून ठेव जरा," म्हणाला, आणि पाठ सिमेंटला लावून नुसता ऐकत पडला. तिने पाय हलवला नाही, तिला कळलं असावं. मग म्हणाला, "सोड आता." पाय उचलला गेला.

गिअरबॉक्स उतरवून बेअरिंग बदललं. नाही बदललं तर भर रस्त्यात क्लच बसला असता. जुनं बेअरिंग पुसून त्याने आईच्या हातात दिलं. "हे वाजत होतं, आई."

आईने ते बोटाने फिरवलं, कानाला लावलं, परत फिरवलं. "ह्यात नाही तो," म्हणाली, आणि थोरल्याच्याच खिशात टाकून दिलं. मग हात पुढे केला. "चल, बसव मला. उशीर होतोय."

त्याने तिला मागे बसवलं, पट्टा लावला. म्हातारी कान देऊन बसली. गाडी निघायच्या आधी ह्याची नजर खाली गेली. सुनेचा पाय परत क्लचवर टेकलेला. पाय काढ, असं सांगायला पाहिजे होतं. नवीन बेअरिंग, असंच टेकवून चालवलं तरी दोन-तीन वर्षं काही बोलणार नाही, मग परत शीळ घालेल. तेवढी आई थांबली तर.

त्याने दार लावलं आणि म्हणाला, "सावकाश जा."