समन्सची तिसरी खेप

दार मुलीने उघडलं. सात वर्षांची असेल. शाळेचा युनिफॉर्म, दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला.

"बाबा घरी नाहीत," मी काही विचारायच्या आतच ती म्हणाली.

तेव्हा, म्हणजे नव्वदच्या सुरुवातीला, मी पनवेलच्या कोर्टात बेलिफ होतो. कोर्टाचे कागद ज्याचे त्याच्या हातात नेऊन देणं, हे बेलिफाचं काम. नवीन पनवेलमधल्या त्या फ्लॅटवरची ही माझी तिसरी खेप. आधी दोनदा कुलूप. समन्स मुलीच्या बापावर होतं. मुलीचा ताबा मिळावा म्हणून आईने अर्ज केला होता. वर्षभर बाप मुलीला घेऊन घरं बदलत होता. हा पत्ता आईने शाळाशाळांतून विचारत शोधून काढला होता.

समन्स लहान मुलाच्या हातात देता येत नाही. म्हणून मी विचारलं, "घरात मोठं कोण आहे, बाळ? आजी? आत्या?"

"कोणीच नाही. आई देवाघरी गेली."

तिने भिंतीकडे बोट दाखवलं. फोटो होता. फोटोला चंदनाचा हार, खाली विझलेली उदबत्ती.

फोटोतल्या बाईंना मी ओळखत होतो. अर्ध्या तासापूर्वी मी त्यांच्याच शेजारी बसून बसने आलो होतो. घर दाखवायला त्या आल्या होत्या. वर भांडण नको म्हणून खाली रिक्षा स्टँडवर थांबल्या होत्या.

मी फोटो पुन्हा नीट पाहिला. तेवढ्यात आतून बनियनवरच बाप बाहेर आला.

"कोर्टाचं समन्स आहे. सही करा."

"मी घेणार नाही."

"नाही घेतलंत तरी दारावर डकवणार. बजावणी झाली असंच धरतात."

त्याने मुलीला आत ओढलं आणि दार लावलं.

डकवताना दोन पंच लागतात, म्हणजे साक्षीदार. शेजारच्या काकू आल्या आणि बिल्डिंगचा वॉचमन. सही घेताना मी काकूंना विचारलं, "यांची बायको कधी गेली?"

"इथे राहायला आले तेव्हापासून हार आहे फोटोला. बिचारी पोर."

"काकू, त्या खाली स्टँडवर उभ्या आहेत."

हे बोलणं माझ्या कामात बसत नव्हतं. तोंडातून गेलं. काकूंचं पेन थांबलं. वॉचमन म्हणाला, "बाय जित्ती हाय? आमाला तर मेली म्हून सांगितलंय!"

खाली उतरलो. मुलीची आई, सुनंदाबाई, धावतच पुढे आल्या. "दिसली का हो?"

"दिसली. बरी आहे. पुढचा दात पडलाय."

पदर तोंडाला लावून त्या हसल्या. फोटोचं मी सांगितलं नाही. कसं सांगणार?

कोर्टात नाझरसाहेब, म्हणजे आमचे वरिष्ठ, रिपोर्ट वाचून वैतागले. "नकार दिला, डकवलं, पंच हजर. संपलं. हे फोटोचं कशाला लिहिलंस?"

"डोळ्यांनी पाहिलं, साहेब."

"फॉर्ममध्ये त्याला रकाना आहे का?"

"नाही. म्हणून समासात लिहिलंय."

त्यांनी मान हलवली, पण खोडलं नाही. जजसाहेबांनी तो समास वाचला. मला बोलावून विचारून घेतलं आणि मुलीला घेऊन हजर राहण्याचा हुकूम काढला.

तारखेला बाप आला. चेंबरमध्ये मी दाराशी उभा होतो. आईला पाहताच मुलगी किंचाळली आणि बापाच्या पायांमागे लपली. "ही मेलीये ना?"

सुनंदाबाई पुढे धावल्या नाहीत. होत्या तिथेच खाली बसल्या आणि हात पुढे केला. "हात लावून बघ, राणी."

मुलगी बापाच्या पायांमागून हळूच पुढे आली. मग तिने एका बोटाने आईच्या बांगडीला स्पर्श केला. नंतर मनगटाला.

"असं का केलंत?" जजसाहेबांनी बापाला विचारलं.

"रोज विचारायची, आई कधी येणार. एकदा सांगून टाकलं. मग विचारायची थांबली."

अगदी साध्या आवाजात तो हे बोलला.

ताबा लगेच मिळाला नाही. आधी शनिवार-रविवारच्या भेटी ठरल्या, कारण मुलगी रात्री दचकून उठे. पाच-सहा महिन्यांनी ती आईकडे राहायला गेली. बापाला महिन्यातून दोन रविवार मिळाले.

मी पुढे बरीच वर्षं समन्स वाटली. सांगण्यासारखं एवढंच, की छापील फॉर्म भरला म्हणजे रिपोर्ट पुरा झाला असं मी पुन्हा कधी समजलो नाही.