धुराड्यातले पिवळे बूट

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढचं वाचन रद्दीवर झालं. घाटकोपरला डोंगरावरच्या आमच्या खोलीत आई आणि मी दुकानदारांसाठी कागदी पिशव्या करायचो. रद्दीवाला गठ्ठा टाकून जायचा. त्यात वर्तमानपत्रं, भरलेल्या वह्या आणि चित्रांच्या गोष्टींची पुस्तकं असायची, ज्यांना आता सगळे कॉमिक्स म्हणतात. आईचा नियम होता, पान हातात घेतल्यापासून खळ लागेपर्यंत वाचायचं. खळ लागली की गोष्ट संपली.

पानं सुटी करायचं काम आईचं, आणि ती त्यांचा ढीग कसाही रचायची. त्यामुळे एकही गोष्ट मी सुरुवातीपासून वाचली नाही. एका पानावर माणूस राजा असायचा, दुसऱ्यावर त्याला शेपूट, तिसऱ्यावर तो आगबोटीचा कप्तान. वेगवेगळ्या गोष्टींची पानं आहेत हे मला फार उशिरा कळलं. तोवर मला वाटायचं, शक्तिमान माणसांचं असंच असणार.

त्यातला एक ओळखीचा झाला होता. तो उडायचा आणि त्याचे बूट पिवळे होते. एका पानावर तो कापडगिरणीच्या धुराड्यात डोकं खाली, पाय वर असा अडकला होता. बाहेर नुसते दोन पिवळे बूट. त्याखाली गिरणीचं घड्याळ, सातला पाच कमी. त्याखाली भट्टीवाला काडी ओढतोय. तेवढ्यात आईने खळ लावली. पिशवीत फुटाणे गेले आणि मी बारा वर्षांची होते.

पुढे लग्न झालं, मालाडला आले. अंधेरीच्या एका कॅन्टीनमध्ये तीस वर्षं चपात्या लाटल्या. नवरा गेला. या सगळ्यात तो माणूस धुराड्यातच होता. गॅस पेटवायला काडी ओढली की तो आठवायचा. पुढे लायटर आला, तरी आठवायचा. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण ऐकणारा काय म्हणेल ते मला माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदू काढला. डॉक्टर म्हणाले, आता वाचा काहीतरी. नातीच्या कपाटात कॉमिक्स होते, ते घेतले. पहिल्यांदाच सगळी पानं क्रमाने मिळाली. खरं सांगायचं तर मजा कमी झाली.

हल्लीचे शक्तिमान लोक फार रडतात. कुणाचा बाप मेलेला, कुणाचा ग्रह फुटलेला. आमच्या कॅन्टीनमध्ये बाप नसलेल्या चार बाया होत्या, कुणी गच्चीवर जाऊन झगा फडकवत उभी राहिली नाही. पानंही काळी. शाई वाया घालवतात आणि चेहरा दिसत नाही. कपड्यांचं तर विचारू नका. गळ्यापासून टाचेपर्यंत घट्ट रबर, मे महिन्यात. असा माणूस गोरेगावपर्यंत उडत गेला तर घामोळ्यानेच मरेल, शत्रूची गरज नाही.

नात मला सिनेमालाही घेऊन गेली. पडद्यावर सात जण मिळून एका शहराची वाट लावत होते. एक इमारत पडली, दुसरी पडली, पूल पडला. मग वाईट माणूस मेला आणि सातही जण सूर्याकडे बघत उभे राहिले. मी नातीला विचारलं, हे लोक राडारोडा कधी उचलणार. ती म्हणाली, आजी, तू गप्प बस ना. मागच्या रांगेतला कुणीतरी हसला. मी मागे वळून त्यालाही विचारलं. त्यालाही माहीत नव्हतं.

बाहेर आल्यावर मी नातीला बूटवाल्याचं सांगितलं. मला एवढंच हवं होतं, की भट्टी पेटली का आणि तो निघाला का. ती हसेल असं वाटलं होतं. ती मोबाइल काढून बोटं चालवत बसली आणि आठवड्याने म्हणाली की अंधेरीला एका हॉलमध्ये जुन्या कॉमिक्सचं प्रदर्शन आहे, आणि तिथे एका माणसाकडे तो अंक आहे.

तिथे गेलो. पन्नाशीचा, टक्कल पडलेला माणूस होता. हातात पांढरे मोजे घातलेले. मला वाटलं, त्वचेचा काही आजार असेल. अंक टेबलावर होता, जाड प्लास्टिकमध्ये चारी बाजूंनी बंद. मुखपृष्ठावर पिवळे बूट दिसले आणि मी त्याच्याच खुर्चीत बसले.

मी म्हटलं, शेवटचं पान दाखवा. तो म्हणाला, उघडता येत नाही, हवा लागली की कागद खराब होतो. मी म्हटलं, या कागदात मी फुटाणे बांधलेत, त्याला काही होत नाही. हे ऐकून त्याने अंक माझ्यापासून थोडा लांब सरकवला.

मग मी विचारलं, "बरं, तुम्ही तरी सांगा. भट्टी पेटली का?"

तो गोंधळला. "कसली भट्टी?"

"अहो, धुराड्याची. तुम्ही वाचलंय ना हे?"

त्याने मोजे काढले, परत घातले. अंक त्याने असाच बंद घेतला होता. नऊ वर्षं त्याच्याकडे होता आणि आत काय आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. शेजारच्या टेबलांवर चौकशी केली. तिथेही तेच. अख्खा हॉल कॉमिक्सच्या शौकिनांनी भरलेला आणि वाचणारी मी एकटी, तीही एका पानापुरती.

मग मी त्याला ते पान सांगितलं. बूट, घड्याळ, काडी. सावकाश सांगितलं. चार माणसं जमली. टक्कलवाला म्हणाला, निघाला असेल, नायक आहे. मी म्हटलं, असेल. भट्टीला काय कळतंय कोण नायक. त्याने अंक हातात घेतला. म्हणाला, सातला पाच कमी? मी म्हटलं, पाच कमी. मग त्याने नातीकडे कात्री आहे का विचारलं.

शेवटी प्लास्टिक माझ्या केसांतल्या आकड्याने फाडलं. त्याने पानं उलटली आणि आम्ही सगळे वाकून वाचू लागलो. धुराड्यात अडकलेला तो नायक नव्हताच. एका चोराने नायकाचे कपडे आणि बूट पळवले होते, उडायला गेला आणि आत पडला. हे सगळं पहिल्या चार पानांवर होतं, जी माझ्या वाट्याला कधी आलीच नाहीत. पंचावन्न वर्षं मी एका चोरासाठी जीव टांगून बसले होते.

नायक वेळेवर येतो, भट्टीवाल्याच्या हातातली काडी फुंकर मारून विझवतो, कामगार टाळ्या वाजवतात. शेवटच्या चौकटीत तो उडत घरी निघालाय, खाली शहर आहे. मी बोट ठेवून दाखवलं. मागे धुराडं होतं. धूर नव्हता. बूट तसेच होते.

"काढला नाही त्याला," तो टक्कलवाला म्हणाला.

"नाही काढला."

मी सगळ्यांना माझं मत सांगितलं. चोर असो, कोणी असो, माणसाला धुराड्यात उलटा ठेवून घरी जात नाहीत. ही या लोकांची जुनी खोड आहे, टाळ्या वाजल्या की काम संपलं. सिनेमातही तेच. निदान आमच्या कॅन्टीनमध्ये ओटा पुसल्याशिवाय कुणी घरी जात नसे.

प्लास्टिक तर फाटलं होतं. मी टेबलावरची जाहिरातीची दोन पत्रकं घेतली आणि अंकाच्या मापाची पिशवी दुमडून दिली. खळ नव्हती, तळाला घडी अडकवली. त्याने अंक आत सरकवला, बरोब्बर बसला. शेजारच्या टेबलवाल्याने विचारलं, मलाही कराल का. त्याचे अंक प्लास्टिकमध्ये धडधाकट होते, तरी त्याला हवी होती. नातीने मला उठवलं.

जाताना टक्कलवाल्याने नातीचा नंबर घेतला. नवव्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. घड्याळात सातला पाच कमी होते, मी चहा टाकत होते. म्हणाला, झोप लागत नाही आजी, दुसऱ्या दिवशी पुन्हा भट्टी पेटवली असेल ना, तेव्हा त्याचं काय झालं असेल.

मी म्हटलं, "पंचावन्न वर्षं मी सांभाळलाय त्याला. आता तुमच्याकडे आहे, तुम्ही बघा."

आणि गॅस पेटवला.