‘ऑपरेशन बॅकवॉटर’ बघितलेली माणसं

आमचा पिक्चर बघितलेला माणूस रस्त्यात भेटला की मी आधी त्याच्या चेहऱ्याकडं बघतो. हसतोय का तापलाय, ते कळलं की थांबायचं का गाडी दामटायची ते ठरवतो. पिक्चर काढून झाला तेव्हा वाटलं होतं, सुटलो. पण बघणाऱ्यांची मतं काही संपेनात. दर रविवारी आम्ही पाच जण बारामतीत माझ्या स्टुडिओत चहाला बसतो आणि दर रविवारी कुणीतरी नवीन काहीतरी घेऊन येतं. काही ऐकून हसलो, काही ऐकून चहा तसाच राहिला.

पाच जण म्हणजे कोण, ते सांगतो. मी लग्नाच्या शूटिंगचा माणूस, कॅमेरा आणि एडिटिंग माझं. दिग्दर्शक विकास, निमगाव केतकीच्या शाळेत चित्रकला शिकवतो. हिरो महेश, एमआयडीसीत कामाला. हिरोइन करुणा, इंदापूरला एका खाजगी दवाखान्यात नर्स. आणि व्हिलन दत्तातात्या, वरकुट्याचे, एसटीतनं रिटायर झालेले ड्रायव्हर. पिक्चरचं नाव ‘ऑपरेशन बॅकवॉटर’. उजनीचं धरण उडवायला आलेले हेर आणि त्यांना अडवणारे आपले हेर. थेटरवाल्यांनी दारात उभं केलं नाही, म्हणून सरळ यूट्यूबवर टाकला.

*

टाकायच्या आधी पिंपळीला विकासच्या गावी समाजमंदिरात पडदा लावून दाखवला. पहिल्या रांगेत विकासचे वडील, आबा. पोस्टात नोकरी झालेला, रोज पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस. विकास इंदापुरात खोली घेऊन राहतो, त्यावरून दोघांचं धड बोलणं नव्हतं. विकास पडद्याकडं बघतच नव्हता, आबांच्या मानेकडं बघत होता.

पिक्चर संपला, दिवे लागले. कुणी टाळी वाजवेना. सगळे आबा काय म्हणतात याची वाट बघत होते.

आबांनी चष्मा काढून पुसला. “इकास, त्या हेराला आई-बाप न्हाईत का?”

“दाखवले न्हाईत आबा. गोष्टीत गरज नव्हती.”

“देश वाचवतोय, मान्य हाय. पण अख्ख्या पिक्चरात एकदा बी घरी फोन करत न्हाय.”

एवढं बोलून आबा उठले आणि निघून गेले. विकास दुसऱ्या दिवशी सकाळी इंदापूरहून घरी फोन लावून बसला. बऱ्याच वेळानं आबांनी उचलला.

“आता कशाला?” आबा म्हणाले. “आता तर पिक्चर संपला.”

पण फोन ठेवला नाही. अर्धा तास बोलले.

*

महेशला त्याच्या मॅनेजरनं केबिनमध्ये बोलावलं, तेव्हा महेशनं आधी मला मेसेज टाकला, ‘नोकरी गेली.’

झालं होतं असं, की भिगवण रोडला मोटरसायकल पाटाच्या चारीवरून उडवायचा सीन घेतला, त्या दिवशी महेशनं कंपनीत ताप असल्याचं कळवलं होतं. मॅनेजरच्या बायकोनं घरी पिक्चर लावला आणि नवऱ्याला हाक मारून विचारलं, हा तुमच्या लाइनवरचाच ना?

महेशची बायको तेव्हा माहेरी, बाळंतपणाला. नोकरी जाऊन चालण्यासारखं नव्हतंच. केबिनमध्ये मॅनेजरनं मोबाइल त्याच्यापुढं धरला. पडद्यावर गाडी हवेत, महेश हवेत, आणि खाली कोरडी चारी.

“हे तूच का डुप्लिकेट?”

“मीच, सर.”

“गादी-बिदी होती खाली?”

“न्हाय, सर.”

मॅनेजरनं तो तुकडा पुन्हा लावला. पुन्हा बघितला. मग मोबाइल उलटा ठेवला.

“मग ताप होता, हे मला पटलं. शुद्धीतला माणूस असं करत नाही. जा, लाइनवर जा.”

*

त्याच सुमारास मला आणि विकासला पोलीस ठाण्यात बोलावणं आलं. कुणीतरी तक्रार केली होती, की या पिक्चरात धरण कुठनं उडवायचं ते नकाशासकट दाखवलंय. विकासचा चेहरा पांढरा पडला. सरकारी शाळेतली नोकरी, गुन्हा दाखल झाला तर काय, हे त्याला सांगायला लागत नव्हतं.

साहेबांनी आम्हाला बाकावर बसवलं आणि अख्खा पिक्चर मोबाइलवर बघितला. चेहऱ्यावर काही नाही. हसले नाहीत, चिडले नाहीत. मध्ये दोघं-तिघं सह्या घेऊन गेले, साहेब तेवढ्यापुरता पिक्चर थांबवायचे आणि पुन्हा लावायचे. आम्ही घाम पुसत बसलेलो.

नकाशा आला, तिथं थांबवून त्यांनी तो बोटांनी मोठा केला.

“हा कुणी काढला?”

“मी,” विकास म्हणाला.

“काय करता?”

“चित्रकला शिक्षक.”

“यात धरणाची भिंत तुम्ही भिगवणला दाखवलीय. भिंत पार दुसऱ्या टोकाला आहे. हा नकाशा घेऊन निघालेला शत्रू भिगवणला मासे खाईल आणि परत जाईल.” त्यांनी मोबाइल खिशात टाकला. “जावा. मध्यंतरानंतर बरा आहे.”

बाहेर आल्यावर मी सुटकेचा श्वास टाकला. विकास मात्र गाडीवर बसेपर्यंत म्हणत होता, “नकाशा चुकला म्हणजे काय, ते कल्पनेतलं धरण आहे.”

*

दत्तातात्यांचं दुखणं वेगळंच होतं. पिक्चरात ते फितूर. हिरोला होडीतनं पाण्यात ढकलतात, तो सीन आमच्यातला सगळ्यात चांगला. तो बघून पारावर लोक त्यांना चिडवायचे, त्याचं तात्यांना काही वाटत नव्हतं. पण त्यांची नात, पहिलीतली, तिनं तो सीन बघितला आणि आजोबांच्या हातचं खायची बंद झाली.

रोज संध्याकाळी तात्या तिला दूधभात भरवायचे. आता ती आईच्या मागं लपायची. तात्यांनी समजावलं, ते खोटं असतंय. ती म्हणाली, “मग तो काका कुठं हाय?”

तात्या रविवारी आमच्याकडं आले. बसले, कप उचलला, परत खाली ठेवला. एसटी चालवताना ब्रेक फेल झाला तरी न डगमगलेला माणूस. “पोरगी माझ्याकडं बघत न्हाय रं,” एवढंच म्हणाले.

महेश तसाच उठला आणि त्यांच्याबरोबर वरकुट्याला गेला. मीही गेलो. नात दारात उभी होती. महेश तिच्यापुढं बसला, म्हणाला, “बघ, मी जिवंत हाय. हात लावून बघ.”

तिनं लांबूनच त्याच्या दंडाला बोट लावलं. मग आजोबांकडं बघितलं, परत महेशकडं बघितलं.

“आजोबांनी ढकललं व्हतं न्हवं?” ती महेशला म्हणाली. “मग परत कशाला आला?”

आणि पळत जाऊन तात्यांच्या मांडीवर बसली. महेशला मात्र ती अजून घरात घेत नाही.

*

विहिरीची भानगड मात्र मला एकट्याला निस्तरावी लागली.

पिक्चरात शत्रूनं वायरलेस यंत्र एका जुन्या विहिरीत लपवलेलं असतं. ती विहीर तात्यांच्याच गावातली. व्हिडिओखाली एके दिवशी कॉमेंट आली, ‘ही विहीर आमची आहे. परवानगी कोणी दिली?’ त्याखाली लगेच दुसरी, ‘ही विहीर आमचीच आहे. यांचा संबंध नाही.’ दोघांचं आडनाव एक. सख्खे भाऊ. वाटणीवरून कोर्टात केस चालू.

दोघं एकाच दिवशी स्टुडिओत येऊन धडकले. आधी थोरला आला, त्याच्या मागोमाग धाकटा. एकमेकांना बघून दोघांच्याही कपाळाच्या शिरा ताठ. मी काउंटरच्या आत, आणि बाहेर एकच बाक. दोघं त्याच्या दोन टोकांना बसले.

“परवानगी यानंच दिली असणार. मालक असल्यागत,” थोरला म्हणाला.

“मी कशाला देऊ? हाच चहापाणी करत असंल शूटिंगवाल्यांना,” धाकटा म्हणाला आणि उभा राहिला. थोरलाही उठला. माझं सगळं सामान त्या दोघांच्या मध्ये.

मी म्हणालो, “परवानगी तुमच्या आईनं दिली.”

दोघं परत बाकावर टेकले. त्यांची आई शूटिंगनंतरच्या पावसाळ्यात गेली होती. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. थोरल्यानं सांगितलं तेव्हा कळलं.

“खोटं बोलतोय,” धाकटा म्हणाला, पण हळू.

न कापलेलं शूटिंग माझ्याकडं होतं. कॅमेरा आम्ही चालूच ठेवलेला. मी ते लावलं. विकास विहिरीपाशी उभा आहे, पलीकडनं म्हातारी डोक्यावर वैरणीची पेंढी घेऊन येते. विकास विचारतो, “आजी, हितं शूटिंग करू का?” म्हातारी पेंढी उतरवते, पदरानं तोंड पुसते.

“करा की. पण वाकून बघू नका, कठडा ढासळलाय. दोघांना सांगून दमले, एक बी बांधत न्हाय. कुणाचं तरी पोर पडंल त्यात.”

एवढं बोलून ती पेंढी उचलून निघून जाते. मागं नुसती विहीर राहते.

मग थोरला म्हणाला, “जरा मागं घ्या.” मी मागं घेतलं. मग धाकटा म्हणाला, “परत एकदा.” किती वेळा लावलं, मला सांगता येणार नाही. शेवटी धाकट्यानं मोबाइल पुढं केला, “मला द्या हे.” थोरल्यानंही केला. मी दोघांनाही दिलं.

केस अजून चालू आहे. पण मागच्या महिन्यात तात्यांकडं गेलो तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून विहीर बघितली. कठडा बांधलाय. निम्मा दगडाचा, निम्मा सिमेंटच्या विटांचा.

*

करुणा मात्र फारसं काही सांगत नाही. तिनं सांगितलेला हा एकच किस्सा, आणि तोही आम्हाला दवाखान्यातल्या दुसऱ्या नर्सकडनं अर्धा कळला म्हणून.

दुपारची वेळ. उसाच्या फडात नाग चावलेला एक तरुण ट्रॅक्टरवरनं आणला होता. औषध चालू केलं, पण त्याच्या पापण्या मिटायला लागल्या, श्वास कमी पडायला लागला. डॉक्टरांनी त्याला आत घेतलं. त्याचा थोरला भाऊ दाराच्या काचेतनं बघत होता. त्याला एवढंच दिसलं, की आपल्या भावाला दोघांनी दाबून धरलंय आणि तिसरा त्याच्या तोंडात काहीतरी खुपसतोय.

तो पळत खाली गेला. परत आला तेव्हा हातात ऊस तोडायचा कोयता होता.

करुणा सलाईनची बाटली घेऊन नेमकी दाराशी आली होती. ती वळली आणि पाठ दाराला लावून उभी राहिली. पॅसेजमधली माणसं भिंतीकडं सरकली. वॉचमन जिन्यापाशीच थांबला.

“सरका,” तो म्हणाला.

करुणा हलली नाही. तो जवळ आला, आणि तिच्या तोंडाकडं बघून जरा थबकला.

“तुमी त्या पिक्चरातल्या न्हाय का? बॅकवाटर?”

“व्हय.”

“त्यात गडी लोळवता तुमी. मला बी लोळवणार का?”

“न्हाय,” करुणा म्हणाली. “मला तसलं काय येत न्हाय. ती आमचीच माणसं व्हती. सांगितलं की पडायची.”

“मग सरका की.”

“सरकते. पण आधी ऐका. तुमच्या भावाच्या छातीत श्वास घ्यायची ताकद राहिली न्हाय. म्हणून घशात नळी घातलीय आणि डॉक्टर हातानं हवा देत्यात. तुमी आत गेला की डॉक्टरचा हात थांबणार. हात थांबला की त्याचा श्वास थांबणार. आता सरकू का?”

आतनं रबरी फुगा दाबल्याचा आवाज येत होता. फुस्स, मग थांबा, मग परत फुस्स. तो ऐकत उभा राहिला.

मग त्यानं कोयता भिंतीला टेकवून ठेवला आणि तिथंच फरशीवर बसला. करुणानं पायानं तो कोयता बाकाखाली ढकलला, दार उघडलं आणि आत गेली.

भाऊ वाचला. काही दिवस मशीनवर होता, मग वॉर्डात आला, मग पेज खायला लागला. थोरला रोज यायचा, कोपऱ्यात उभा राहायचा, करुणा आली की खाली बघायचा.

घरी सोडलं त्या दिवशी तो तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

“ताई, पिक्चर लई भंगार हाय तुमचा.”

“बरं,” करुणा म्हणाली.

“पण तुमचं काम एक नंबर हाय.”

“कुठलं?” करुणानं विचारलं.

त्यानं भावाच्या औषधांची पिशवी उचलली, त्याच्या दंडाला धरलं, आणि त्याला एकेक पायरी उतरवत खाली घेऊन गेला.